भलतं टोक

बाबांच्या माशांच्या टाकीत हवा सोडणारी छोटी मोटर खाणं घालताना दहा मिनिटं आपोआप बंद व्हावी, एवढंच आम्हाला हवं होतं. त्यासाठी आणलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा प्रोग्रॅम मी लिहिला. बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा रिले बाबांनी जोडला.

"वायर भलत्याच टोकाला लावलीत, बाबा. अशानं बोर्ड बंद असला तरी मोटर चालूच राहील."

"म्हणूनच लावली. तुझा बोर्ड उद्या मेला, तर माशांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"नवाकोरा बोर्ड कशाला मरेल?"

"चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्यात, बाईसाहेब. एकदा तरी म्हण, बाबा, तुमचं बरोबर."

"म्हणेन कधीतरी," म्हणत मी प्रोग्रॅम उलटा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

आठ दिवसांनी मी त्यांचं बंद घर उघडलं. बोर्डावरचा दिवा विझला होता, काही केल्या लागेना. टाकीत मात्र बुडबुडे वर येत होते, आणि सातही मासे मला बघून काचेपाशी आले.

मी चिमूटभर खाणं टाकलं आणि बाबांच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर होतं."