पाळीवरची बारा घरं

"खिडक्या सगळ्या तळ्याकडं," श्रीपतराव म्हणाले आणि चावडीच्या ओट्यावर पसरलेल्या नकाशावरून त्यांनी बोट फिरवलं. "पहाटे उठलं, खिडकी उघडली, की समोर पाणी. हैदराबादेत मोठी माणसं अशीच राहतात."

वीस वर्षं हैदराबादेत वकिली करून ते तीन वर्षांमागं गावी परतले होते, आणि येताना गावाला शहाणं करायची हौस घेऊन आले होते. निजामाचं राज्य गेलं, आता नवी वस्ती हवी. तळ्याच्या पाळीवर, काठच्या बांधावर, बारा घरं, पेन्शनरांसाठी अन् अंमलदारांसाठी. झुडपं तोडायची, जागा मोकळी करायची. बोलता बोलता त्यांचा हात जानव्याला बांधलेल्या किल्लीवर जायचा. ती बोटाभोवती फिरवली की त्यांना पुढचं वाक्य सुचायचं.

तासभर वाद चालला. कोपऱ्यातलं घर कुणाला? ओसरी किती हात? हावगेप्पा उठला आणि म्हणाला, "मग गुरं पाण्यावर कशी जायची?" हा प्रश्न फार मोलाचा ठरला. सगळ्यांनी माना डोलावल्या, खल केला, आणि पोलीसपाटील शरणप्पांनी गुरांसाठी दहा हातांची वाट सोडली.

"आता कुणाची हरकत?" शरणप्पांनी विचारलं. "न्हाई ना? मग झालं."

खाली लिंबाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. त्यांच्यात चंद्रम्मा होती, मांडीवर तीन महिन्यांची लेक. बाळंतीण झाल्यापासून दिवस सासूचा, रात्र लेकीची. तिचा स्वतःचा असा वेळ एकच, पहाटेचा. लेकीला सासूच्या कुशीत सरकवायचं, तांब्या घ्यायचा, पाळीवरच्या झुडपांमागं जायचं. उजाडेपर्यंत गडीमाणूस तिकडं फिरकत नसे; वाडवडिलांपासूनची रीत. अंधारात कोण कुणाच्या घरची, हे कुणी विचारत नसे. दोन सुखदुःखाच्या गोष्टी तिथंच व्हायच्या. नकाशावर यातलं काहीच नव्हतं.

 पण बायकांनी ही गोष्ट चावडीसमोर बोलायची कशी?

चंद्रम्मानं लेक खांद्यावर घेतली आणि उभी राहिली. "पाटीलअप्पा, गुरांची वाट झाली. आम्ही कुठं जायचं?"

ओट्यावर कुणीतरी खाकरलं. तिचा नवरा बंडेप्पा स्वतःच्या वहाणा पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहू लागला. श्रीपतरावांना उमगायला जरा वेळ लागला. मग ते हसले.

"अगं, अजून झुडपामागं बसायलाव तुम्ही? लाज वाटाय पाहिजे. घरी पायखाना बांधा की. आमच्या वाड्यात बघ, तीन वर्षं झाली बांधून, शहाबादी फरशी घालून. आमच्या घरची माणसं पाळीवर जात नाहीत."

पुरुष हसले. काही तर उगीचच हसले, वकील हसले म्हणून.  चंद्रम्मानं शेजारी पाहिलं. तिथं श्रीपतरावांच्या पत्नी, सरस्वतीबाई, मान खाली घालून बसल्या होत्या. आपण एक शब्द बोललो तर या बाईंची अब्रू जाईल, म्हणून चंद्रम्मा ओठ मिटून राहिली.

लेक जागी झाली, कुरकुरू लागली. तेव्हा सरस्वतीबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चंद्रम्माच्या खांद्यावरून लेक आपल्याकडं घेतली. चारचौघांत नवऱ्याशी त्या कधी बोलल्या नव्हत्या. आजही बोलल्या नाहीत. लेकीची हनुवटी धरून, ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात त्या तिलाच म्हणाल्या,

"सांग गं सोने आजोबांना, पायखान्याला कुलूप हाय अन् किल्ली त्यांच्या जानव्याला. खुशाल बांधा म्हणावं घर, अन् पहाटे उघडा खिडकी. समोर पाण्याच्या आधी ही आजीच दिसंल."