पाठवणीचं गाणं

पडद्यावरच्या चितारलेल्या भगताने तोंड उघडलं आणि त्यातून यादवचा आवाज निघाला. अख्ख्या थिएटरात घुमला. चौथ्या रांगेत बसलेल्या यादवची छाती फुगली, खोटं कशाला सांगा. नाशिकच्या थिएटरात आपला गळा ऐकायला मिळणार म्हणूनच तर तो बायकोला, भागीबाईला, घेऊन पेठहून सकाळच्या एसटीने आला होता. पण गाणं पुढे सरकलं आणि ती फुगलेली छाती खाली बसली. पुढची ओळ त्याला ठाऊक होती.

"ये गं रोशनी, वाट मोकळी हाय," पडद्यावरचा भगत गायला.

भागीबाईने दचकून त्याचं मनगट धरलं. "पोरीचं नाव घेतलंस तू?"

काय सांगणार? गेल्या वर्षी ज्ञानेश नावाचा शहरातला पोरगा गावात आला होता. लहान मुलांसाठी कार्टूनचा पिक्चर करतोय, तुमचे देव, तुमची गाणी त्यात हवीत म्हणाला. "बाबा, अगदी खरं गा हां. नकली नको." मग स्टुडिओत यादवने काशाच्या थाळीत मेणाने काडी रोवली, ती बोटांनी ओढून थाळी घुमवली आणि मेलेल्याला बोलावण्याचं गाणं धरलं. खरं गायचं तर नावही खरंच हवं. त्याच्या तोंडी एकच नाव आलं, तापाने गेलेल्या नऊ वर्षांच्या लेकीचं. बोलावणं संपताच ज्ञानेशने काचेमागून हात वर केला. "बास बाबा, झकास! एवढंच लागतं." नाव तर त्याला इतकं आवडलं की पिक्चरमधल्या मेलेल्या बहिणीलाही त्याने तेच दिलं.

पाठवणीचं गाणं मात्र राहून गेलं. बोलावलेल्याला गाऊन परत पाठवावं लागतं, नाहीतर तो एकटा जात नाही, कुणाला तरी सोबत नेतो, हे डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. यादवने ते गाणं त्या दिवशी जिन्यात बसून, थाळी मांडीवर घेऊन म्हटलं आणि निर्धास्त घरी गेला. आवाज भरून घेतलेलं ते मशीन पोरीला पुन्हा हाक मारेल, हे बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडद्यावर काजवे जमले. काजव्यांची मुलगी झाली. थिएटरातली पोरं टाळ्या पिटू लागली. चितारलेल्या आईने मुलीला ताट वाढलं, सगळे हसत जेवायला बसले, आणि पाठवणीचं कुणी नाव काढलं नाही. शहरातल्या पिक्चरात मेलेलं माणूस कायमचं राहायला येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.

यादव उठला. थाळी नव्हती तर नव्हती, गळा होता. त्याने पाठवणीची पहिली ओळ धरली.

"ओ बाबा, खाली बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "पोरांना दिसत नाहीये!"

भागीबाईने त्याला खाली ओढलं. त्याला वाटलं, बाई चारचौघांत लाजली. पण तिचं लक्षच नव्हतं त्याच्याकडे. पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवरची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली होती. वजन गेलं की आपोआप दुमडणारी ती खुर्ची, थिएटरात असते तशी. भागीबाईने एका हाताने ती खाली दाबून धरली होती.

"गाऊ नको," ती म्हणाली. "बसू दे तिला जराशी. लय लांबून आलीय."

"येडी का तू? ती एकटी जायची नाय."

"ठावं हाय मला."

"मंग?"

"मंग काय. मी हाय ना."

यादवने पुन्हा तोंड उघडलं. तीस वर्षं गायलेली ओळ, झोपेतही चुकली नसती. आवाज फुटेना.

पिक्चर संपला, दिवे लागले. पोरं उड्या मारत बाहेर पळाली. झाडूवाला कागद गोळा करत चौथ्या रांगेशी आला.

"मावशी, उठा. सहाचा शो आहे."

"ह्योच का?" यादवने विचारलं.

"हाच. रोज चार वेळा. नंतर सीडी निघेल, मग घरोघरी बघा."

भागीबाई हलली नाही. इतका वेळ दाबून तिची बोटं पांढरीफटक पडली होती.

"हळू बोल रे," ती झाडूवाल्याला म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

झाडूवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग यादवकडे. बायकोचे गुडघे ओलांडून यादव पलीकडे गेला, खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि तिच्या हाताशेजारी आपला हात टेकवला.

"तू सोड आता," तो म्हणाला. "मी धरतो."

भागीबाईने हात काढला नाही.