मागचा नळ

"फादर, धुतलेलेच पाय परत का धुता?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने भर तालमीत विचारून टाकलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर दर वर्षी रस्त्यावरच्या बारा गरिबांचे पाय वेदीपुढे धुवायचे, आणि यंदा चांदीचं घंगाळ धरायचा मान तिला मिळाला होता. फादर हसले. "अगं, वेदीपुढे चिखल नको, म्हणून आधी मागच्या नळावर घासून घेतात."

दुसऱ्या दिवशी विधी सुरू व्हायच्या आधी ती मुद्दाम तो नळ बघायला गेली. चर्चची झाडूवाली मावशी ओल्या फरशीवर फतकल मारून बसली होती आणि एका हमालाची भेगाळलेली टाच मांडीवर घेऊन साबण लावत होती. तो लाजून पाय ओढायला लागला.

"लाजता काय दादा? पाय तुमचेच आहेत ना, चोरून तर नाही आणले!" मावशी म्हणाली, आणि सगळी रांग खो खो हसली. रांग अजून बरीच होती आणि मावशी एकटी.

एवढ्यात मम्मी-पप्पा तिला शोधत आले. "इथे काय करतेस? नवा फ्रॉक चिखलात घालशील! आत फोटोवाला खोळंबलाय, सगळे नातेवाईक आलेत. आमचं नाक कापू नकोस."

तिने बाह्या वर सारल्या आणि मावशीच्या शेजारी बसकण मारली.



"मम्मी, पप्पा, मी घंगाळ धरणार नाही. आत पाय नुसते भिजवतात, धुतात ते इथे."