सोनेरी नको

झांबेझी नदीकाठच्या शिकारतळावर, शिकारीच्या आदल्या दिवशी, तळाच्या तरुण मालकाने, डेरेकने, दोन घड्याळं पुढे केली. एक सोनेरी, एक काळं. "बाबा, आवडेल ते घ्या."

म्हातारा मागकाढ्या मुफारो हसला. "अरे, लहानपणी तुला काय शिकवलं? चकाकतं ते जनावराला कोसावरून दिसतं." त्याने काळं मनगटावर चढवलं.

संध्याकाळी तो एकटाच पाणवठ्यावर जाऊन थोराड हत्तीला बघून आला. ती जागा त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. शिकाऱ्यांना तर मुद्दाम उलट्या दिशेला न्यायचा.

सकाळी जीप थेट त्याच पाणवठ्यावर थांबली. काळ्या घड्याळाने मुफारोची कालची अख्खी वाट डेरेकच्या मोबाइलवर उमटवली होती.


शिकारीला आलेल्या पाहुण्याच्या हाती बंदूक देत डेरेक म्हणाला, "सोनेरी तुम्ही घेणारच नव्हता, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना."