उजवीकडचा उजेड

मावशी गेल्यावर भाचीच्या पदरात काय पडलं, याचा हिशेब एका ओळीत मावत होता. घर मामांना, चित्रं कलादालनाला आणि भाचीला कुंड्या.

"मातीसकट दिल्यात हं," मामा म्हणाले.

मामा म्हणजे मावशीचा भाऊ. दालनाच्या संचालिकाबाईंसमोर ते पाय पसरून बसले होते. भाची उभीच होती. तिला घर नको होतं. तिला चित्रांखाली स्वतःचं नाव हवं होतं.

भिंतीवर चित्रं टांगून झाली होती. पांढरा कागद आणि त्यावर एकच झाड, मुळापासून शेंड्यापर्यंत. एवढ्यासाठी लोक रांगा का लावतात, हे मामांना कधी उमगलं नव्हतं. एखाद्या पानाला भोक असे, एखादा देठ वाळलेला असे. किडलेल्या पानापुढे लोक आरशापुढे थांबावं तसे थांबत.

दाराजवळ शेवटचं चित्र होतं, खसखशीचं लाल फूल.

"हे टेबलावरच सापडलं ना?" बाईंनी हळूच विचारलं. "तुम्ही तेव्हा घरी नव्हतात?"

"नव्हते. शनिवारी दुपारीच रोपं आणायला डोंगरावर गेले. सोमवारी आले, तर मावशी जिन्याखाली..."

"शनिवारी संध्याकाळी मी डोकावलो होतो," मामा म्हणाले. "तेव्हा टेबलावरच्या कुंडीत खसखशीची नुसती एक कळी होती, कागद कोरा. सोमवारी पाहिलं तर टेबलभर पाकळ्या. एका दिवसाचं फूल. रविवारी एकटीच रंगवत बसली असणार बिचारी. उठली, भोवळ आली, संपलं. पोलिसही तेच म्हणाले."

भाचीने खोकून घसा साफ केला. "बाई, ही सगळी चित्रं माझी आहेत. सहा वर्षं मावशीला चहाचा कप धरवत नव्हता. खालची सहीसुद्धा मी मनगट धरल्यावर व्हायची."

"वा! आयत्या बिळावर नागोबा," मामा हसले. "आता ती काही नाही म्हणायला उठणार नाही."

भाचीचे कान तापले. "उजेड बघा बाई. उजव्या हाताने काढणारा माणूस उजेड डावीकडून घेतो, नाहीतर हाताचीच सावली कागदावर पडते. मावशी उजवी. तिची जुनी चित्रं डावीकडून उजळलेली आहेत. ही सगळी उजवीकडून."

तिने डावा हात पुढे केला. नखांत हिरवा रंग होता.

बाई उठल्या. भिंतीलगत सावकाश फिरल्या. "खरंच की! कसं नाही दिसलं इतकी वर्षं?"

"फोटोवरून काढली असतील," मामा म्हणाले. "फोटोत काय, उजेड कुठूनही येतो."

"एकही नाही! जिवंत फूल समोर नसेल तर मी ब्रश ओला करत नाही."

मामा पुढे झुकले. मग मऊ आवाजात म्हणाले, "बरं बाई, तुझी. पण ही खसखस तरी तिची राहू दे. शेवटची आहे."

भाचीने चित्राकडे पाहिलं. पाकळीची उजवी कड उजळलेली होती. एक सोडलं की उरलेल्यांवरही शंका येणार.

"उजेड बघा," ती म्हणाली. "माझंच आहे. एकूण एक माझं."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "नाव तुमचंच लागेल. आजच पाट्या बदलते."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या हाताकडे पाहिलं होतं.

मामांनी पाय आवरले, उठले आणि खिशातून फोन काढला.

"म्हणजे रविवारी तू घरात होतीस," ते म्हणाले. "कुंड्यांची काळजी करू नकोस, बाळ. पाणी मी घालत जाईन."