डॅशबोर्डावरचा गणपती

पप्पांची लाल स्पोर्ट्स कार माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, आणि मांद्रेच्या उन्हाने तिचा डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला होता. दहावीच्या सुट्टीत तो मी बदलणार आणि पप्पा नुसते बघणार, असं मी घरात जाहीरच करून टाकलं. रविवारी सकाळी स्टिअरिंग उतरवलं, मीटर काढलं, एकेका वायरीवर चिठ्ठी लावली. शेवटी राहिला तो फक्त डॅशबोर्डावर चिकटवलेला गणपती. तिथे माझा हात थांबला.

"काढ गो," पप्पा म्हणाले.

"पाळी आलीय मला, पप्पा."

आमच्याकडे चार दिवस देवाला शिवत नाहीत. नियम आईचा, आणि आईपुढे पप्पांचंही काही चालत नाही.

"मग सर बाजूला. गणपती मी काढतो, आणि नवीन डॅशबोर्डही मीच बसवतो."

सकाळपासूनची माझी सगळी ऐट उतरली. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर पप्पांपुढे धरला.

तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला, "अहो, पाव गरम आहेत, आधी खाऊन घ्या बघू."

पप्पा आत गेले. आई गाडीजवळ आली, खिडकीतून वाकली आणि हळूच म्हणाली, "काढ तू. गाडी घरी आली त्या दिवशी हा मीच चिकटवला होता. तेव्हा माझीपण पाळी चालू होती, फक्त मी कुणाला बोलले नाही."