हिरवी पट्टी

"दिसला का गं, गोमती?" डोळ्यांवरची दुर्बीण न काढता पेंडसेकाकांनी विचारलं.

ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलात शेकडो चिखल्या पक्षी किडे टिपत होते. काकांना त्यातला एकच हवा होता, अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात हिरवी पट्टी घातलेला. गेले सात हिवाळे तो बर्फाच्या मुलखातून इथे यायचा आणि त्याच्यासाठी काका पुण्याहून. वाट दाखवायला दरवेळी गोमतीच.

"तो काय, खडकाजवळचा," ती म्हणाली.

काका बराच वेळ तिकडे बघत राहिले. गोमतीची मूठ कमरेच्या पिशवीत आवळलेली होती.

"त्याच्या पायात काही नाही," ते म्हणाले. दुर्बीण खाली घेताना त्यांना तिची मूठ दिसली. "आपला कुणाच्या जाळ्यात गेला?"

तिने मूठ बाहेर काढली आणि पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "माझ्याच."

पट्टीवरची अक्षरं आजवर त्यांनी दुर्बिणीतूनच वाचली होती. आज चष्मा कपाळावर सारून वाचली. मग वही उघडून तारीख घातली.

"सापडला तेव्हा जिवंत होता?"

"होता." गोमती चिखलाकडे बघत होती. "जाळ्यात दुसरं काहीच नव्हतं, काका. आणि घरात खाणारी तोंडं पाच."